गिअरबॉक्सखाली तेलाचे डाग : गळती नेमकी कुठून होते आहे, हे कसे ओळखावे?

सहकारनगरकर

माझी २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. पाच गिअरांची, मॅन्युअल, आणि आजवर ७४ हजार किलोमीटर धावलेली. गेल्या तीन आठवड्यांपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली तेलाचे ठिपके पडू लागले आहेत. पार्किंगमध्ये नुकतेच नवे पेव्हर ब्लॉक बसवले असल्यामुळे हे माझ्याआधी आमच्या सचिवांच्या लक्षात आले आणि त्यांनी वायपरखाली चिठ्ठी ठेवून ते मला कळवले. कॉलेजला जाऊन येण्यापुरती, म्हणजे दहा-बारा किलोमीटर गाडी चालवली, तर सकाळी रुपयाएवढा एखादा डाग दिसतो आणि कधी तोही दिसत नाही. मात्र मागच्या शनिवार-रविवारी आम्ही ताम्हिणी घाटातून माणगावला जाऊन आलो, त्या रात्री गाडीखाली बशीएवढे तेल साचले होते.

डाग गाडीच्या साधारण मध्यावर, पुढच्या चाकांच्या रेषेच्या किंचित मागे पडतो. तेल काळे नाही, मधासारखे पिवळसर तपकिरी आहे. इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकवर जिथल्या तिथे आहे, कूलंट आणि ब्रेक ऑइलही उतरलेले नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये गाडी पिटवर घेऊन दाखवली. तेथील मिस्त्रींनी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या तळाची ओल टॉर्चने दाखवली आणि इंजिनचे मागचे ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, गेले असून त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगितले. गिअरबॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्यावी, असा त्यांचा सल्ला आहे आणि सगळे मिळून साडेचौदा हजार रुपयांचा अंदाज त्यांनी दिला आहे. क्लचची मात्र माझी काहीच तक्रार नाही. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढतानाही तो घसरला नाही, की जळका वास आला नाही.

गाडीखालचे अलीकडचे काम म्हणाल तर जूनमध्ये उजव्या बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट फाटल्यामुळे दुसऱ्या एका ठिकाणी बदलून घेतले, एवढेच. पाचव्या गिअरमध्ये हल्ली बारीक घूं असा आवाज येतो असे मला वाटते, पण तो माझ्या मनाचा खेळही असू शकेल.

हा खर्च मान्य करण्याआधी गळती खरोखर त्याच सीलमधून आहे का, हे मला घरच्या घरी पडताळता येईल का?

जुना फोरमन

ताई, साडेचौदा हजार तूर्त पर्समध्येच राहू द्यावेत. त्या मिस्त्रींनी दाखवलेली ओल खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु तेल जिथून टपकते ती जागा आणि तेल जिथून सुटते ती जागा या दोन्ही क्वचितच एक असतात. तेल ओतकामाच्या कडेकडेने उतरत सर्वांत खालच्या टोकाला येते, शिवाय गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल कुठे संपते हे पाहू नये, ती सर्वांत वर आणि सर्वांत पुढे कुठे सुरू होते हे शोधावे.

पहिला प्रश्न हा की तेल कोणते आहे. इंजिनच्या मागच्या सीलमधून येणारे तेल हे इंजिन ऑइलच असणार, आणि काही हजार किलोमीटर चाललेले इंजिन ऑइल आपण म्हणता तसे मधाच्या रंगाचे राहत नाही, ते काळपट होते. पांढऱ्या कागदावर दोन थेंब घ्यावेत, एक पेव्हर ब्लॉकवरचा आणि एक डिपस्टिकवरचा, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. त्यानंतर वास घ्यावा. गिअर ऑइलमध्ये दातांवरचा दाब सोसण्यासाठी गंधकयुक्त घटक घातलेले असतात, त्यामुळे त्याला जो उग्र, नाकात बसणारा दर्प येतो तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

ते गिअर ऑइल निघाले, तर इंजिनचे सील वादातून बाहेर पडते. मग राहतात गिअरबॉक्सच्या आतल्या बाजूचे इनपुट शाफ्टचे सील, गिअर निवडणाऱ्या दांड्याचे सील, ड्रेन प्लगखालचा वॉशर, केसच्या दोन भागांमधला सांधा आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीले. यांपैकी इनपुट शाफ्टचे सील आणि केसचा सांधा यांसाठीच सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शिवाय इनपुट शाफ्टच्या सीलमधून सुटलेले तेल क्लच जिथे फिरतो त्या घंटेसारख्या घरात पडते, आणि ते जास्त झाले की क्लच घसरतो किंवा गाडी सुटताना थरथरते. आपला क्लच घाट चढून आला आहे, हेही त्या निदानाच्या विरुद्धच जाते.

आता आपण जाता जाता लिहिलेल्या ओळीकडे वळतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. आपल्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवे बसवलेले असते. इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला आणि गिअरबॉक्स डाव्या बाजूला. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच, गिअरबॉक्सच्या पोटातच, मागच्या अंगाला असतो. त्यातून डावा शाफ्ट निघतो तो डाव्या चाकाजवळ आणि आखूड असतो. उजवा शाफ्ट मात्र गाडीच्या जवळजवळ मध्यावर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला अगदी खेटून बाहेर पडतो आणि तिथून इंजिनच्या मागून लांब उजव्या चाकापर्यंत जातो. म्हणजे उजव्या शाफ्टचे सील गळू लागले की तेल त्याच सांध्यावरून ओघळते आणि त्याच तळाशी टपकते, जिथे इंजिनच्या मागच्या सीलचे तेल टपकले असते. पिटमध्ये उभे राहून खालून वर टॉर्च मारला तर दोन्ही गळत्या हुबेहूब सारख्या दिसतात. आपला उजवाच शाफ्ट जूनमध्ये बूट बदलण्यासाठी बाहेर काढला गेला होता. शाफ्ट परत घालताना त्याच्या टोकाचे दाते सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला, लागले, तर ओठावर एवढीशी चीर पडते. थंड, घट्ट तेल तिला दाद देत नाही. घाटात तापून पातळ झालेले तेल मात्र तिच्यातून सुटते. ताम्हिणीची बशी आणि कॉलेजचा रुपया यांचा हिशेब मला तरी असाच लागतो.

तथापि हा तर्क झाला, पुरावा नव्हे. पुरावा असा मिळवावा. वॉशिंग सेंटरवर गाडी उचलून घेऊन गिअरबॉक्सचा तळ आणि मागची बाजू डिग्रीझरने ब्रशने घासून धुऊन घ्यावी, कारण पावसाळ्यातला चिखल आणि तेल यांचे जे लुकण तिथे बसलेले असते ते खरी वाट झाकून टाकते. पाण्याचा जोराचा फवारा अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू देऊ नये. सगळे वाळल्यावर संशयित सांध्यांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर फुंकावी आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. तेल जिथून सुटते तिथून पावडरीत ओली रेघ उमटते. रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचे ताव चिकटपट्टीने जोडून पसरावेत आणि त्यांवर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनने आखून ठेवाव्यात, म्हणजे सकाळी डाग गाडीच्या नेमक्या कोणत्या भागाखाली आहे हे मोजून सांगता येते.

एक कळकळीची विनंती आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपया शिरू नये. खाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये.

धनकवडी ते हिंजवडी

इतका खटाटोप करण्याऐवजी गळती थांबवणारे द्रावण गिअर ऑइलमध्ये घालून पाहावे, असे मी सुचवीन. माझ्या जुन्या गाडीत एक बाटली घातल्यावर गळती सात-आठ महिने थांबली होती.

ऑटोमॅटिकवाला, बाणेर

प्रश्न मॅन्युअल गाडीचा आहे, तरी हा विषय वाचायला ऑटोमॅटिक गाड्यांचे मालकही येतील, म्हणून माझा अनुभव लिहितो. माझी सेडान टॉर्क कन्व्हर्टरची सहा गिअरांची आहे. तिच्याखाली लाल थेंब दिसले. ऑटोमॅटिकचे तेल नवे असताना बहुधा लाल असते आणि जुने झाले की तपकिरी होत जाते. परंतु लाल थेंब दिसला म्हणजे गिअरबॉक्सच, असे धरू नये. हायड्रॉलिक स्टिअरिंग असलेल्या अनेक जुन्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगलाही तेच तेल असते आणि काही कूलंटही लालसर असतात. कूलंट पाण्यासारखे पातळ असते आणि त्याला गोडसर वास येतो, तेल बोटांमध्ये बुळबुळते.

माझी पहिली गळती साधी निघाली. रेडिएटरकडे तेल थंड व्हायला जाते त्या नळीचा क्लॅम्प सैल झाला होता. गॅरेजने तो बदलला आणि तेल वरपर्यंत भरून दिले. आठवड्याने थेंब पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी मला पुढच्या पंपाचे सील गेल्याचे सांगण्यात आले, ज्यासाठी माझाही गिअरबॉक्स उतरवावा लागला असता. दुसऱ्या जाणकाराने स्कॅनर लावून तेलाचे तापमान पाहत पातळी तपासली तेव्हा उलगडा झाला. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आल्यावर ओव्हरफ्लो प्लग उघडायचा आणि बारीक धार थांबून थेंब पडू लागले की प्लग लावायचा, अशी पद्धत आहे. आधीच्या ठिकाणी हे काम गाडी थंड असतानाच उरकले होते. थंड तेल कमी जागा व्यापते, त्यामुळे भरताना ते जास्त बसले. तापून फुगले, त्याला फेस आला आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या वाटेतून, बाहेर पडून खालपर्यंत ओघळले. दुसऱ्या वेळी गळती नव्हतीच, तेल जास्त झाले होते. जादाचे तेल काढून घेतल्यावर दीड वर्ष गाडीखाली एक थेंब नाही.

सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) गाडी असेल तर तिला तिचेच नेमून दिलेले तेल लागते, साधे ऑटोमॅटिकचे चालत नाही. आणि तेल बरेच गेल्याचा संशय असेल, गिअर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करून हलत असेल, तर ती तशीच चालवत नेऊ नये. पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढूनही नेऊ नये, सरळ फ्लॅटबेडवर चढवावी.

जुना फोरमन

बाणेरच्या साहेबांनी ब्रीदरचा मुद्दा छान काढला. मॅन्युअल गिअरबॉक्सलाही डोक्यावर ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की तापलेल्या हवेचा दाब चांगल्या सीलांमधूनही तेल बाहेर ढकलतो, म्हणून सील बदलण्याआधी तो साफ आहे ना हे अवश्य पाहावे. उलट बाजूने, पुराच्या पाण्यात गाडी उभी राहिली तर त्याच वाटेने पाणी आत जाऊ शकते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तशा प्रसंगानंतर गिअर ऑइल ताकासारखे पांढुरके निघाले तर ते सगळे काढून टाकून नवे भरावे, त्यात काटकसर करू नये.

धनकवडीच्या मित्रांना इतकेच सांगतो की त्या द्रावणांनी रबर किंचित फुगते आणि मऊ पडते. वयोमानाने कडक झालेल्या सीलला त्याने काही महिने मिळू शकतात, आपल्या गाडीत बहुधा तेच झाले असावे. चीर पडलेला ओठ मात्र त्याने सांधला जात नाही, आणि उरलेली चांगली सीलेही विनाकारण फुगतात.

सहकारनगरकर

सर्वांचे आभार. रविवारी सांगितल्याप्रमाणे सगळे केले आणि निष्कर्ष स्पष्ट निघाला, असे मला वाटते.

कागदावरचे दोन थेंब पाहताच फरक कळला. डिपस्टिकवरचा जवळजवळ काळा होता, खालचा फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचा. वासाबद्दल काकांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. दोनदा साबणाने हात धुऊनही संध्याकाळी पोळ्या लाटताना तो मला येत होता.

गाडी धुऊन, पावडर फुंकून कात्रजपर्यंत जाऊन आले. गाडीखाली शिरायचे नव्हते, म्हणून मोबाइलवर टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून तो चहाच्या ट्रेमध्ये पुस्तकाला टेकवून तिरका ठेवला आणि ट्रे झाडूच्या दांड्याने आत सरकवला. तिसऱ्या प्रयत्नात चित्रीकरण नीट झाले. उजवा शाफ्ट जिथे केसमध्ये शिरतो त्या गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात पावडर पूर्ण भिजून पिवळी पडली आहे आणि तिथून एक बोटभर रुंद रेघ सांध्याच्या कडेने तळापर्यंत गेली आहे. सांध्याचा वरचा सगळा भाग, तसेच डाव्या शाफ्टचे तोंड, पांढरेशुभ्र आणि कोरडे आहे. वर्तमानपत्रावरचा डागही डाव्या चाकापेक्षा मध्याच्या जवळ आहे.

हा व्हिडिओ त्याच गॅरेजच्या मालकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि फारसे न बोलता सील बदलून देण्याचे कबूल केले. काम करताना मी कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे? शिवाय पाचव्या गिअरच्या आवाजाचा याच्याशी संबंध असू शकतो का?

जुना फोरमन

ट्रेची युक्ती आवडली. आम्ही आरसा आणि काठी वापरत असू.

सील आणताना डावे-उजवे नीट तपासून घ्यावे. काही सीलांच्या आत तिरक्या बारीक रेघा असतात, ज्या फिरणाऱ्या शाफ्टवरचे तेल आत लोटतात. अशा सीलावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि डावे सील उजवीकडे लावले तर ते तेल बाहेर लोटू लागते. आकार सारखा असला तरी हे घडते. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणायला जाणार असाल तर गाडीचे मॉडेल सांगून भागवू नये, जुन्या सीलवरचे आकडे किंवा पार्ट नंबर सोबत न्यावा.

प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी गिअर ऑइल भरण्याचा प्लग उघडून पाहावा, आणि तो उघडला तरच खालचा ड्रेन प्लग सोडावा. हे क्षुल्लक वाटेल, पण तेल काढून टाकल्यावर भरायचा प्लग गंजून अडकल्याचे कळले, तर गाडी तिथेच अडकते. निघालेले तेल मापात मोजायला सांगावे. शाफ्ट बाहेर काढताना त्याच्या गिअरबॉक्सकडच्या, म्हणजे आतल्या जॉइंटच्या मागे पट्टी घालून तो उचकटावा. शाफ्ट धरून ओढला तर जॉइंट आतल्या आत सुटतो आणि नवे दुखणे मागे लागते. शाफ्ट निघाल्यावर सीलचा ओठ ज्यावर फिरतो त्या चकचकीत पट्ट्यावर आपण स्वतः नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकले, तर तिथे चरा पडला आहे, आणि नवे सीलही तिथे फार दिवस टिकणार नाही. तसेच जॉइंटचे टोक परत घालून वर-खाली हलवून पाहावे. खडखड हलले तर आतले बेअरिंग सैल आहे आणि मग गोष्ट सीलपुरती राहत नाही.

नवे सील त्यातली स्प्रिंग आतल्या, म्हणजे तेलाच्या बाजूला ठेवून, ओठाला गिअर ऑइलचे बोट फिरवून, सीलच्या व्यासाएवढ्या पाइपने किंवा सॉकेटने चहूबाजूंनी सारखे ठोकत बसवावे. एका कडेला हातोडी मारली की ते तिरके बसते. शाफ्ट घालताना दुसऱ्या माणसाने त्याचे वजन दोन्ही हातांनी तोलून धरावे, जूनमध्ये बहुधा हेच झाले नसावे. सर्कलिप (शाफ्टचे टोक आत अडकवून ठेवणारी तारेची कडी) बसल्याचा टक् असा आवाज आला पाहिजे आणि जॉइंट हलकेच ओढला तर तो बाहेर येता कामा नये. चाकाकडच्या टोकाचा हब नट ठोकून लॉक करायचा असेल तर तो नवाच वापरावा.

आवाजाचा संबंध असू शकतो. अनेक गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर एका टोकाला, वेगळ्या कप्प्यात असतो आणि तेल कमी पडले की त्याला आधी उपाशी राहावे लागते. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घ्यावे; जीएल-४ सांगितले असताना ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ घालू नये, कारण त्यातल्या जास्तीच्या रसायनांचा काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवून देणाऱ्या कड्यांना) त्रास होतो. गाडी चारही चाकांवर समपातळीत ठेवून भरण्याच्या भोकातून तेल परत ओघळेपर्यंत भरावे.

सहकारनगरकर

काम होऊन तीन आठवडे झाले, म्हणून कळवते आहे. पुस्तिकेत गिअर ऑइल २.२ लिटर सांगितले आहे. निघाले ते जेमतेम दीड लिटर. जुन्या सीलच्या ओठावर एका जागी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला होता, स्प्रिंगही तिथे उघडी पडली होती. शाफ्टवर नख फिरवले, कुठे अडकले नाही, आणि बेअरिंगमध्येही सैलपणा नव्हता. ब्रीदर साफ होता. सील, तेल, नवा हब नट आणि मजुरी मिळून २,९५० रुपये झाले. वापरलेले तेल गॅरेजने त्यांच्या पिंपात जमा करून घेतले.

त्यानंतर ६०० किलोमीटर गाडी चालली, त्यांत एकदा ताम्हिणी आणि एकदा दिवे घाट. वर्तमानपत्र रोज अंथरते आहे आणि ते कोरडे आहे. पाचव्या गिअरमधला आवाज कमी झाला, पण ऐंशीच्या वेगाला तो अजून अगदी बारीक ऐकू येतो. तो वाढतो का, हे पाच हजार किलोमीटरनंतर पाहून इथेच लिहीन. पेव्हर ब्लॉकवरचे डाग कशाने जातात, हे कोणी सांगू शकेल का? सचिवांची दुसरी चिठ्ठी आली आहे.